दोन विती, चार बोटं

मित्रांनो, तुम्ही मला लांबून पाहिलंत तर म्हणाल, ही काय, दोन चाकांवरची करडी पेटी आहे. म्हणा, खुशाल म्हणा. मी मनाला लावून घेत नाही. पण माझ्या चार कड्या सोडा, झाकण उलटं टाका आणि मग बघा! दोन खाटा, मध्ये बसायची जागा, तीन जाळीच्या खिडक्या आणि वर छप्पर, असं अख्खं घर वीस मिनिटांत उभं राहतं. माझ्या आताच्या मालकाला, ऑस्वल्डला, पहिल्यांदा दोन तास लागले होते, ती गोष्ट वेगळी. मी आहे एक जुना ट्रेलर-तंबू. मला गाडीच्या मागे जोडायचं, मोकळ्या जागी न्यायचं आणि उलगडायचं. माझा पत्ता सांगायचा तर कतार, अल गराफा, व्हिलाच्या मागची भिंत, पाण्याच्या टाकीशेजारी.

माझा जन्म मात्र इथला नाही. खूप दूरच्या, थंड आणि ओलसर गावातल्या एका छोट्या कारखान्यात मला बनवलं. माझं कापड जाड, सुती कॅनव्हासचं. ते शिवणाऱ्या बाईचा हात इतका साफ होता की आजवर माझी एकही शिवण उसवलेली नाही. बढाई नाही मारत, खरं तेच सांगतो. सगळं झाल्यावर तिने दाराच्या आतल्या बाजूला एक पांढरी पट्टी शिवली. तिच्यावर इंग्रजीत एक ओळ छापलेली होती. ती पट्टी तुम्ही लक्षात ठेवा बरं का. माझ्या मालकांपैकी कुणीच ठेवली नाही.

माझा पहिला मालक इंजिनिअर होता. त्याने मला जहाजातून इकडे आणलं, दोन हिवाळे वापरलं, आणि त्याची बदली झाल्यावर मी आलो इंडस्ट्रियल एरियातल्या एका वापरलेल्या वस्तूंच्या आवारात. माझ्या एका बाजूला मोडकी होडी होती आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचे टँकर. उन्हाळाभर अंगावर धूळ साचत राहिली. कुणी येई, टायरला लाथ मारून बघे आणि पुढे जाई. लाथ मारून टायरचं काय कळतं, ते मला अजून समजलेलं नाही.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी ते तिघं आले. ऑस्वल्ड, त्याची बायको कॅरल आणि आठ वर्षांची आंद्रिया. मूळचे वसईकडचे, नंदाखाल गावचे. ऑस्वल्ड एका कंपनीत कागदपत्रं सांभाळतो, कॅरल हॉस्पिटलात नर्स आहे. त्यांची घरची बोली मला सुरुवातीला नीट कळत नसे, म्हणून मी तुम्हाला सगळं साध्या मराठीत सांगतो आहे.

ऑस्वल्डच्या हातात ऑफिसातून छापून आणलेला एक मोठा तक्ता होता. वजन, लांबी, चाकं, किती माणसं झोपतात, उघडायला किती वेळ लागतो, सगळ्याचे रकाने. जे दिसेल त्याला तो गुण देत होता. त्याचं मन बसलं होतं गाडीच्या टपावर उघडणाऱ्या एका तंबूवर. वर झोपायचं, शिडीने चढायचं.

"वरून समुद्र काय दिसेल!" तो म्हणाला.

कॅरलने तक्ता हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात आय कुठे आहे?"



आता ही आय कोण, ते सांगतो. आय म्हणजे ऑस्वल्डची आई, लुसी. आंद्रियाची आजी. नंदाखालला एकटीच राहते. आजोबा गेल्यापासून तिची झोप उडाली होती. रात्री दोन तास डोळा लागला तर लागला, नाहीतर पहाटेपर्यंत ती माळ जपत बसायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एकदा फोनवर ती ऑस्वल्डला म्हणाली होती, "लग्न करून आले तेव्हा सुकेळ्यांच्या मांडवापाशी झोपायचो आम्ही, राखणीला. वर आभाळ, शेजारी सगळी माणसं. तशी झोप पुन्हा नाही रे लागली."

सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती. आजीचा जन्म त्यात गेला. ते बोलणं ऑस्वल्डच्या मनात रुतून बसलं होतं. आयला इकडे आणायचं आणि समुद्रकाठी, उघड्या आभाळाखाली, सगळ्यांच्या मध्ये झोपवायचं. त्यासाठीच तर ही सगळी खटपट चालली होती. आणि एवढं करून हा बाबा शिडीवाला तंबू पसंत करून बसला होता!

"आय शिडी चढणार?" कॅरल म्हणाली. "गुडघे बघितलेस तिचे?"

"मग खालचा घेऊ. जमिनीवरचा."

"जमिनीवर बसली तर उठवायला दोघं लागतात."

मग त्यांनी एक मोठी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोलीच, पाहिली. आत न्हाणीघरसुद्धा होतं. पण ती व्हिलाच्या फाटकातून आत जाणार नव्हती. त्यांच्या व्हिलात पाच कुटुंबं भाड्याने राहतात, फाटक सगळ्यांचं एकच आणि ते अरुंद. मग एक नवाकोरा ट्रेलर-तंबू पाहिला, माझाच धाकटा भाऊ म्हणा. दिसायला देखणा, पण त्याची खाट छातीइतकी उंच. नवीन पोरांना उंची फार, काय करणार!

शेवटी कॅरलने नंदाखालला व्हिडिओ कॉल लावला. आजीने फोन कुठेतरी टेकवला होता, त्यामुळे यांना फक्त छताचा पंखा दिसत होता.

"आय, तुमच्या खाटेची उंची किती? बसता-उठता येते ती."

"थांब हां." मग थोडा वेळ नुसता पंखा फिरत राहिला. "दोन विती आणि चार बोटं."

"टेप आहे माझ्या गाडीत," ऑस्वल्ड म्हणाला.

"टेप आयकडे नाहीये, ऑस्वल्ड," कॅरल म्हणाली. मग फोनकडे वळून, "आय, तुमची वीत माझ्याहून मोठी. तुमच्या बांगड्या मला सैल होतात."

"मग तू दोन विती आणि सहा बोटं धर," आजी म्हणाली.

कॅरल माझ्यापाशी आली. आवारातल्या माणसाने मला उघडून दिलं होतं. तिने माझी धूळ ओढणीने पुसली, वाकली आणि जमिनीपासून खाटेपर्यंत वीत टाकली. एक, दोन. मग बोटं. चार, पाच, सहा. बरोबर खाटेच्या काठाला टेकली. मित्रांनो, माझं कापड, माझी चाकं, माझी शिवण कशाचंच त्या दिवशी काही चाललं नाही. मी पसंत पडलो तो एका म्हातारीच्या गुडघ्यांमुळे. पण खोटं कशाला बोलू, त्याचा मला फार अभिमान वाटला. ऑस्वल्डने तक्त्याची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "यल्ला, चला, हाच."

आजी मात्र आली नाही. यंदा केळी जास्त आहेत, पुढच्या वर्षी येते. मग गुडघा दुखतो, पुढच्या वर्षी. मग विमानाची भीती वाटते, बघू. अशी तीन वर्षं गेली.

तोवर मी या तिघांचा झालो. काय दिवस होते ते! नोव्हेंबर लागला की गुरुवारी दुपारी ऑस्वल्ड लवकर सुटून यायचा आणि आम्ही उत्तरेला, फुवैरितच्या बाजूच्या किनाऱ्यावर जायचो. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत, म्हणून कॅरलने बासमतीच्या रिकाम्या पिशव्या आणल्या होत्या. त्यांत वाळू भरायची, त्या खड्ड्यात पुरायच्या आणि माझ्या दोऱ्या त्यांना बांधायच्या. मासे भाजले जायचे. आंद्रिया माझ्या दाराच्या पांढऱ्या पट्टीवर ओले मोजे अडकवायची. येणारे-जाणारे थांबून माझं कौतुक करायचे, आणि ऑस्वल्ड त्यांना माझी खाट दाखवून सांगायचा, "माझ्या आयच्या मापाची आहे."

पण शुक्रवारची सकाळ आली की धांदल उडायची. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आठवड्याची मोठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, तीही शुक्रवारीच. नऊ वाजता. कॅरल क्वायरमध्ये गाते. नऊ वर्षांत तिची एक मिस्सा चुकली नव्हती. म्हणजे सहाला मला मिटायचं, साडेसहाला निघायचं, घरी जाऊन कपडे बदलायचे आणि देवळात हजर व्हायचं. आणि इथल्या हिवाळ्यात समुद्रकाठी पहाटे दव किती पडतं ठाऊक आहे? माझ्या छपरावरून पाणी निथळत असायचं. ऑस्वल्ड वरवर एक फडकं फिरवायचा, "घरी जाऊन उघडू" म्हणायचा आणि मला तसाच ओला मिटून झाकण लावायचा.

घरी जाऊन कोण उघडतो! मिस्सेनंतर जेवण, जेवणानंतर झोप, शनिवारी बाजार, रविवारी ऑफिस. मी आपला पुढच्या गुरुवारपर्यंत अंधारात, ओलाच. एकदा नाही, दोनदा नाही, तीन हिवाळे असंच. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ती माणसं देवाच्या दाराशी वेळेवर पोचायची घाई करत होती, त्यांना मी काय बोल लावणार?

पण बुरशीला हेतू कळत नाही. आधी कोपऱ्यांत काळे ठिपके आले, मग घड्यांवर, मग थेट आजीच्या खाटेवरच्या कापडावर. वास येऊ लागला. आंद्रिया नाक धरून म्हणायची, "डॅडा, इट स्टिंक्स!" मला इतकी लाज वाटे म्हणून सांगू. ऑस्वल्डने सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून बुखूर आणलं, म्हणजे इथे घराघरांत जाळतात ते सुगंधी लाकूड, आणि त्याचा धूर माझ्या आत कोंडला. झालं, बुरशीचाही वास आणि त्यावर बुखूरचाही. हळूहळू गुरुवार चुकू लागले. कधी मॉलमध्ये जाऊ, कधी घरीच बसू. मी टाकीशेजारी उभा असायचो आणि ते माझ्यावरून नजर फिरवून आत जायचे.

आणि नेमकी यंदाच्या जानेवारीत आजी आली! एक महिन्याच्या व्हिसावर, दहा किलो सुकेळी घेऊन. आल्या दिवशीच म्हणाली, "मी पुन्हा काही यायची नाही हां. एवढंच." तिची झोप अजून तशीच होती. पहाटे मी पाहायचो, ती मागच्या दारात खुर्ची टाकून माळ जपत बसलेली असायची. एकदा उठून माझ्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, "तूच काय तो?" मला बोलता येत असतं तर मी काय सांगितलं असतं? माझ्यात येऊ नको बाई, म्हणून?

दोन आठवडे या ना त्या कामात गेले. तिसऱ्या गुरुवारी मला घाईघाईने पुसलं, आत भरपूर बुखूर जाळलं आणि किनाऱ्यावर नेलं. आजीने खाटेपाशी वाकून स्वतः वीत टाकली. एक, दोन. चार बोटं. बरोबर! तिचा चेहरा असा उजळला की ऑस्वल्ड दुसरीकडे बघू लागला. ती खाटेवर बसली. अगदी सहज, कुणाचा हात न धरता. आणि पाच मिनिटांत खोकू लागली. पाणी दिलं, खिडक्या उघडल्या, खोकला थांबेना. आजीला जुना दमा आहे. कॅरलने तिला बाहेर नेलं, नर्सच ती, तिने लगेच ओळखलं कशाने ते. शेवटी आजी गाडीच्या पुढच्या सीटवर बसली आणि रात्रभर तिथेच बसून राहिली.

ऑस्वल्ड माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "खलास. शनिवारी हा विकून टाकतो. जिच्यासाठी घेतला तिलाच उपयोग नाही." मित्रांनो, मला विकण्याचं काही नाही, मी आधीही विकला गेलो आहे. पण माझ्या खाटेवर ती म्हातारी पाच मिनिटं बसली आणि मी तिला श्वास घेऊ दिला नाही, याचं मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

सकाळी सहाला नेहमीसारखी धांदल सुरू झाली. ऑस्वल्डने फडकं फिरवलं, खांब काढले आणि छप्पर घडी करायला घेतलं. पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं. तेवढ्यात गाडीचं दार धाडकन उघडलं.

"अरे! अरे, ओला बांधतोस काय?"

आजी चपला न घालताच वाळूतून येत होती. गुडघे-बिडघे सगळं विसरली होती.

"मिस्सेला उशीर होतो, आय. घरी जाऊन उघडतो."

"उघडतोस?"

ऑस्वल्ड घडीच दाबत राहिला. आंद्रियाने मात्र खरं सांगून टाकलं. "नो, आजी. वुई नेव्हर डू."

आजीने माझं एक टोक उचललं, नाकाशी नेलं, खोकली आणि पुन्हा नाकाशी नेलं. "अरे मेल्या, केळी वाळवणाऱ्याच्या घरी जन्मलास तू. एवढंसं ओलं सुकेळं गठ्ठ्यात गेलं तर चार दिवसांत अख्खा गठ्ठा जातो. लहानपणी तूच ओरडायचास ना माझ्यावर, आय, दव पडतंय, मांडव झाक! आणि इथे येऊन ओलं बांधायला शिकलास?"

"पण मिस्सा, आय," कॅरल हळूच म्हणाली. "नऊची आहे. क्वायर."

"उद्या नाही होत मिस्सा?"

"होते. शनिवारी पण होते."

"मग? देव शनिवारी सुट्टीवर जातो काय?"

मला वाटलं, आता भांडण पेटणार. नऊ वर्षांत न चुकलेली मिस्सा! पण कॅरलने फोन काढला आणि क्वायरच्या बाईंना सांगितलं, "मी आज येत नाही. उद्या येते, सासूबाईंना घेऊन." फोन ठेवला, केस वर बांधले आणि म्हणाली, "आय, सांगा काय करायचं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा पुरतं उलगडलं गेलं. छप्पर, भिंती, खाटेचं कापड, सगळं सुटं करून दोरीवर टाकलं. कोरड्या ब्रशने बुरशी झाडली. ते काम आजीला वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब खुर्चीत बसवून कॅरलने तोंडाला मास्क लावून केलं. आजी तिथून हुकूम सोडत होती. "आता पालथं घाल. आता कड उन्हात येऊ दे. दुपारी पुन्हा उलटा." मला सुकेळ्यासारखं वाळवलं हो! खारं वारं, खणखणीत ऊन. दुपारी भिंत उलटी करताना आंद्रियाला ती पांढरी पट्टी दिसली. मोजे नव्हते ना तिच्यावर. तिने मोठ्याने वाचलं आणि आजीला मराठीत सांगितलं, थोडं अडखळत, "आजी, इथे लिहिलंय, ओला असेल तर बंद करू नका."

"बघ," आजी म्हणाली. "लिहून ठेवलंय. आणि मी शाळेत न जाता तेच सांगते."

एका दिवसाचं ते काम नव्हतं. पुढचा पूर्ण आठवडा मी व्हिलाच्या आवारात उघडा पसरलेला होतो. वरच्या मजल्यावरच्या ताहेरुन्निसाबाजींनी कपडे वाळत घालायची आपली दोरीसुद्धा मला दिली. आंद्रिया शाळेतून आली की दप्तर टाकून मला उलटायची, आजी कड चिमटीत धरून बघायची आणि मान हलवायची. अजून नाही. अजून नाही. बुधवारी तिने माझं कापड गालाला लावलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि म्हणाली, "आता झालं."

काळे डाग गेले नाहीत. ते आजही आहेत. पण वास गेला.

आजीचं विमान रविवारी होतं. उरला होता एकच गुरुवार.

आम्ही पुन्हा फुवैरितला गेलो. बुखूर नाही, घाई नाही. आजी मधल्या जागेशेजारच्या खाटेवर बसली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आजी म्हणाली, "असे काय बघता? झोपा की." खिडकीच्या जाळीतून आभाळ दिसत होतं. एका बाजूला नात, पलीकडे मुलगा आणि सून. मी माझी एकही दोरी हलू दिली नाही. वारा होता, पण मी सांभाळून घेतलं.

सकाळी सहाला ऑस्वल्ड जागा झाला. आजी हलत नव्हती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो वाकून तिच्या नाकाशी हात धरणार, इतक्यात आजी घोरली. चांगली जोरात! ऑस्वल्ड मटकन वाळूत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. कॅरलने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

सात वाजले. माझ्यावरचं दव चमकत होतं. आठ वाजले. नऊ वाजता देवळात मिस्सा सुरू झाली असेल. कॅरल वाळूत पाय पसरून बसली होती आणि अगदी बारीक आवाजात, आयची झोप मोडणार नाही असं, तिथेच गात होती. दहा वाजता माझं छप्पर कोरडं झालं. साडेदहाला भिंती. अकरा वाजता माझ्या तळाकडच्या शेवटच्या घडीतलं ओलं गेलं, आणि आजी अजून झोपलेलीच होती. तीन हिवाळ्यांत मी पहिल्यांदा किनाऱ्यावरच पूर्ण वाळलो, तो ती आत झोपलेली असताना.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्याकडे जे काही मिटून ठेवायचं असेल, तंबू असो, छत्री असो की शाळेचा डबा, ते वाळू द्या. थोडा उशीर होईल, होऊ द्या. घाई कितीही चांगल्या कामाची असली, तरी तिच्याखाली दबलेलं ओलं कधी ना कधी वर येतं, आणि ते नेमकं आपल्या लाडक्या माणसाच्या श्वासात शिरतं.

आजी नंदाखालला परत गेली. आता आम्ही शुक्रवारी दुपारपर्यंत किनाऱ्यावर थांबतो आणि मिस्सेला शनिवारी जातो. मला मिटायची वेळ झाली की फोन वाजतो. समोर तोच छताचा पंखा फिरत असतो.

"वाळला का रे?" आजी विचारते.

ऑस्वल्ड माझी कड चिमटीत धरतो, गालाला लावतो आणि म्हणतो, "वाळला, आय. आणि तू? झोपलीस का काल?"